कैसराचे किती, देवाचे किती?

ख्रिस्ती श्रद्धेने राजकारणात कुठवर उतरावे, हा वाद एका नाण्यापासून सुरू होतो. कैसराला, म्हणजे रोमन सम्राटाला, कर द्यावा की नाही, असे विचारून येशूला पेचात पकडण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा त्याने रोमन दिनार मागवला, त्यावर मुद्रा कोणाची आहे असे उलट विचारले आणि कैसराचे कैसराला, देवाचे देवाला देण्यास सांगितले. नाण्यावर कैसराची प्रतिमा असते, माणसावर मात्र देवाची, म्हणून नाणे कैसराला द्यावे पण स्वतःला देवाच्या स्वाधीन करावे, असा त्याचा अर्थ पुढे तर्तुलियन या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकाने लावला. नव्या करारातही दोन्ही सूर आहेत: पौल रोमकरांना सत्तेच्या अधीन राहण्यास सांगतो, तर प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पेत्र माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानण्याचा आग्रह धरतो.

पहिल्या तीन शतकांत ख्रिस्ती मंडळीच्या हाती सत्ताच नव्हती, त्यामुळे सम्राटासाठी प्रार्थना करायची पण त्याला देव मानून धूप जाळायचा नाही, एवढीच तिची मर्यादा होती. 313 मध्ये ख्रिस्ती उपासनेला मोकळीक मिळाली, 380 मध्ये सम्राट थिओडोसियसने या श्रद्धेला साम्राज्याचा धर्म ठरवले आणि खरी परीक्षा तिथून पुढे सुरू झाली. मिलानचा बिशप अँब्रोज याच्या दोन कृती शेजारी ठेवल्या की ती परीक्षा कशाची होती ते कळते. 390 मध्ये थेस्सलोनिका येथे जमावाने एका सेनाधिकाऱ्याला ठार मारले आणि त्याचा सूड म्हणून सम्राटाच्या सैनिकांनी नागरिकांची कत्तल केली. त्यावर अँब्रोजने, इतर कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून, स्वतःच्या हाताने सम्राटाला पत्र लिहिले आणि तुम्ही हजर असाल तर मी मिस्सा (भाकर आणि द्राक्षारसाचा उपासनाविधी) अर्पण करणार नाही असे कळवले. थिओडोसियसने अखेर जाहीर प्रायश्चित्त घेतले. पण याच अँब्रोजने दोनच वर्षांपूर्वी, कॅलिनिकम येथे ख्रिस्ती जमावाने जाळलेले यहुदी सभास्थान तिथल्या बिशपने पुन्हा बांधून द्यावे हा सम्राटाचा न्याय्य आदेश मागे घ्यायला लावला होता. व्यासपीठ तेच आणि दबावही तोच होता. एकदा तो मारल्या गेलेल्यांच्या बाजूने पडला, एकदा आपल्याच माणसांच्या गुन्ह्यावर पांघरूण घालण्यासाठी. माझ्या मते मर्यादेची रेषा या दोन प्रसंगांच्या मधून जाते.

494 मध्ये पोप जेलासियसने धर्मसत्ता आणि राजसत्ता असे दोन वेगळे अधिकार सांगितले खरे, पण 1077 मध्ये कानोसाच्या किल्ल्याबाहेर बर्फात जर्मन राजा चौथा हेन्री पोपच्या क्षमेची वाट पाहत उभा होता, तेव्हा बिशप कोणी नेमायचे हाच झगडा चालू होता. 1523 मध्ये जर्मन धर्मसुधारक लूथरने सत्तेने आत्म्यावर हुकूम चालवू नये असे मांडले. मात्र दोनच वर्षांनी बंडखोर शेतकऱ्यांना चिरडण्यासाठी त्याने राजांना चिथावले. 1527 मध्ये श्लाइटहाइम येथे जमलेल्या, प्रौढपणी घेतलेला बाप्तिस्माच खरा मानणाऱ्या अ‍ॅनाबाप्टिस्टांनी तलवार आणि न्यायासन दोन्ही नाकारले, आणि त्याची किंमत त्यांच्यापैकी अनेकांनी प्राण देऊन मोजली.

विसाव्या शतकातील सर्वांत स्पष्ट शब्द मे 1934 मध्ये जर्मनीतील बार्मेन येथे उमटले. हिटलरच्या राजवटीपुढे झुकणाऱ्या चर्चच्या विरोधात धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जाहीरनामा काढला. राज्याने माणसाच्या जीवनाची एकमेव व्यवस्था होऊ नये, आणि चर्चनेही राज्याची कामे अंगावर घेऊन त्याचे अंग बनू नये, असे त्याच्या पाचव्या कलमात आहे. यहुद्यांच्या छळाबद्दल मात्र त्यात एक शब्दही नाही, आणि ही उणीव मला आजही बोचते.

कॅथलिक चर्चच्या 1983 च्या धर्मविधिसंहितेने धर्मगुरूंना राजकीय सत्तेची पदे स्वीकारण्यास मनाई केली. प्रापंचिकांना ती लागू नाही. राजकीय पक्षांत सक्रिय भाग घेण्यासही धर्मगुरूंना बंदी आहे, पण चर्चच्या हक्कांचे रक्षण किंवा लोकहित यांसाठी ते आवश्यक आहे असे वरिष्ठांना वाटले तर सवलत आहे, आणि ते आवश्यक केव्हा ठरते यावरच आजचा वाद येऊन थांबतो.