एकच डोळा, दोन टक्केवाऱ्या : नामंजूर दिव्यांग अर्जामागचा इतिहास

सोलापुरात चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या जुन्या यंत्रमागांवर धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा टोकदार ठोकळा, उडण्याचा धोका नेहमीचाच. असा धोटा लागून कामगाराचा एक डोळा कायमचा गेला आणि दुसरा शाबूत राहिला, तर 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातला तक्ता ते नुकसान 40 टक्के धरत आला. हाच माणूस दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सिव्हिल हॉस्पिटलला गेला की हातात पडतात 30 टक्के. निराधारच्या पगाराला, म्हणजे संजय गांधी निराधार योजनेच्या महिन्याच्या मदतीला, मात्र किमान 40 लागतात. अर्ज नामंजूर होतो आणि घरचे म्हणतात, अपील करू. कशाविरुद्ध आणि कुणापुढे, इथे गाडी अडते. टक्केवारी ठरवणारे कायदे गेल्या शंभर वर्षांत वेगवेगळ्या कामांसाठी झाले आणि प्रत्येकाने दाद मागायची जागा आपापली ठेवली.

सुरुवात गिरण्यांपासून करावी लागते. सोलापूरची पहिली कापड गिरणी, लोकांच्या तोंडी ‘जुनी मिल’, 1877 ची. कामावर हात-बोट गेलं तर मालकाने काय द्यायचं याचा कायदा व्हायला त्यानंतर जवळपास अर्धशतक गेलं. 1923 चा कायदा 1 जुलै 1924 पासून लागू झाला. त्याचा तक्ता आजही वाचण्यासारखा आहे: अंगठा गेला तर 30 टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर 14, मधलं बोट 12. हे आकडे कमाईची ताकद किती घटली याचे आहेत. माणूस घरात कसा वावरतो, बसमध्ये कसा चढतो, याच्याशी तक्त्याला देणंघेणं नव्हतं. वाद झाला तर नुकसानभरपाई आयुक्तापुढे जायचं आणि तिथून उच्च न्यायालयात, तेही कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा असेल तरच.

1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने हा भार मालकाकडून विमा निधीकडे नेला. 1952 मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. अपिलाचा सगळ्यात सुबक रस्ता मला इथेच दिसतो. वैद्यकीय मंडळाचा निर्णय पटला नाही तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरण, नाहीतर थेट कर्मचारी विमा न्यायालय. अडचण एवढीच, की ज्याचं नाव हजेरीपटावर नाही त्याला या रस्त्यावर पाऊलच टाकता येत नाही. सोलापुरातल्या छोट्या कारखान्यांतला मोठा कामगारवर्ग हजेरीपटाबाहेरच राहिला. घरी बसून विडी वळणाऱ्या बाईचे तर वर्षानुवर्षांच्या कामाने हात आणि पाठ गेली, तरी ‘अपघात’ दाखवायचा कसा?

या लोकांसाठी दुसरी वाट निघाली ती कल्याण योजनांची. आजारपण, म्हातारपण, अपंगत्व यांत सरकारने मदत करावी, असं राज्यघटनेचं 41 वं कलम म्हणतं, पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे; त्याच्या जोरावर कोर्टात पैसे मागता येत नाहीत. महाराष्ट्रात 1980 मध्ये अंतुले मुख्यमंत्री असताना संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. विमा नाही, मालक नाही, हप्ता नाही; अर्ज तहसीलला आणि निर्णय समितीचा. केंद्राने 2009 मध्ये इंदिरा गांधींच्या नावाची दिव्यांग पेन्शन आणली, पण ती 80 टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं घर एवढ्यांनाच. त्यामुळे 40 ते 79 मधली माणसं राज्याच्याच योजनेवर राहिली.

चाळीसचा उंबरठा सगळीकडे पक्का केला तो 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याने. तो 7 फेब्रुवारी 1996 पासून लागू झाला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, आणि वैद्यकीय प्राधिकाऱ्याने किमान 40 टक्क्यांचा दाखला दिलेली व्यक्ती म्हणजे अपंग, अशी व्याख्याच होती. एक टक्का कमी पडला की तो माणूस कायद्याच्या नजरेत धडधाकट! मोजायचं कसं याची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं 2001 मध्ये आली आणि टक्केवारीचा अर्थच पालटला. 1923 चा तक्ता कमाई मोजत होता, ही तत्त्वं अवयवाची कार्यक्षमता मोजू लागली. डोळ्याचे 40 आणि 30 निघाले ते इथून. अशा वेळी 30 चा आकडा डॉक्टरांनी चुकवलेला नसतो. या तत्त्वांच्या तक्त्यातच 30 आहेत. त्याविरुद्ध अपील करून हाती काही लागत नाही, हे अर्जदाराला पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं तर त्याच्या कितीतरी खेपा वाचतील. करमाळ्याहून किंवा माळशिरसहून सोलापूरला यायचं म्हणजे एका बाजूचे शंभर किलोमीटर सहज होतात.

बेरजेतही असाच घोळ. पाय अधू म्हणून 25 टक्के आणि ऐकू कमी येतं म्हणून 20, तर माणूस मनाशी 45 धरून रांगेत उभा राहतो. प्रमाणपत्र देणारं सिव्हिलचं वैद्यकीय मंडळ मात्र सरळ बेरीज करत नाही. मोठा आकडा तसाच घ्यायचा, 90 मधून तो वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणून 90 ने भागायचं आणि आलेलं उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचं. इथे 25 अधिक 14.44, म्हणजे 39.44. उंबरठ्याच्या अलीकडे! अशा प्रकरणात मात्र अपिलाला अर्थ असतो, कारण पाय 25 ऐवजी 26 मोजला गेला तरी बेरीज चाळिशी ओलांडते. ऐकण्याची चाचणी कधी झाली, कोणत्या यंत्रावर, हे कागद मागायला हवेत.

2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. प्रकार सातावरून 21 झाले. योजनांची किमान अट 40 टक्क्यांवरच राहिली. मोजणीची नवी तत्त्वं 2018 मध्ये आली आणि 2024 मध्ये पुन्हा सुधारली. कलम 59 ने प्रमाणपत्राच्या निर्णयाविरुद्ध अपिलाचा हक्क दिला, पण अपील कुणाकडे, किती दिवसांत, कोणत्या पद्धतीने, हे सगळं राज्य सरकारवर सोपवलं. माझ्या मते कायद्याची ढिली वीण हीच. नियमांप्रमाणे नकाराचं कारण लेखी द्यावं लागतं, हा आधार तरी अर्जदाराकडे आहे. 1 जून 2021 पासून प्रमाणपत्र फक्त यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या देशव्यापी ओळखपत्राच्या, पोर्टलवरून देणं बंधनकारक झालं. 2024 मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून राज्यभर गदारोळ उठला आणि जुन्या दाखल्यांच्या फेरतपासणीची मागणी जोर धरू लागली. त्याच वर्षी नियम बदलून प्रमाणपत्र देण्याची मुदत एका महिन्यावरून तीन महिन्यांवर नेली.

आता तहसीलचा नकार. हा सिव्हिलच्या नकाराहून वेगळा, तरी लोक दोन्ही एकाच पिशवीत घालतात. टक्केवारी 55 असली तरी उत्पन्नाचा दाखला वार्षिक 50,000 च्या वर गेला की ‘संजय गांधी’ अडते. मग अपील डॉक्टरकडे नेऊन काय उपयोग? मुळात तलाठ्याने कुणाचं उत्पन्न धरलं ते पाहावं लागतं. इथे 2015 चा लोकसेवा हक्क कायदा कामाला येतो. सेवा अधिसूचित, म्हणजे या कायद्याखाली जाहीर केलेली, असेल तर नकाराचं लेखी कारण आणि अपील अधिकाऱ्याचं पद कळवणं कार्यालयाला बंधनकारक आहे. पहिलं अपील 30 दिवसांत करायचं, मग दुसरं, आणि तिसरं राज्य सेवा हक्क आयोगाकडे. तोंडी ‘बसत नाही’ ऐकून परत आलेल्याच्या हातात यातलं काहीच नसतं. अपिलाला कागद लागतो.

नोव्हेंबर 2025 मध्ये सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि 1923 व 1948 चे दोन्ही कायदे तिच्यात गेले. प्रमाणपत्राच्या बाजूला 2024 चा ओंकार गोंड निकाल महत्त्वाचा. प्रकरण वैद्यकीय प्रवेशाचं होतं, तरी मंडळांनी नुसत्या आकड्यावर थांबू नये आणि अपील यंत्रणा उभी होईपर्यंत मंडळाच्या प्रतिकूल मताला न्यायालयात आव्हान देता येईल, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं. पेन्शनच्या वादात हा निकाल जसाच्या तसा लागू होईलच असं नाही, पण वकील तो दाखवणार हे नक्की. असं आव्हान घेऊन उच्च न्यायालयात जायला सोलापूरकराला पूर्वी मुंबई गाठावी लागायची. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्याच कक्षेत येतो.