टायटॅनिकचं तिकीट आणि पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता

‘बॉक्सिंगमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेत्याला, जॅक जॉन्सनला, रंगामुळे टायटॅनिकचं तिकीट नाकारलं, म्हणून तो वाचला,’ ही गोष्ट वर्षानुवर्षं फिरतेय. ती पटते, कारण रंगभेद खराच होता. गोरे जगज्जेते त्याच्याशी लढायचंच टाळत. शेवटी एकाचा पिच्छा पुरवत तो ऑस्ट्रेलियात पोहोचला आणि २६ डिसेंबर १९०८ला सिडनीत जिंकला.

तिकिटाचं म्हणाल, तर तारखा बघा. टायटॅनिक इंग्लंडहून निघाली १० एप्रिल १९१२ला. तेव्हा हा गडी अमेरिकेतच होता. ४ जुलैला तिथेच त्याची लढत होती. त्या वेळची अमेरिकी वर्तमानपत्रं चाळली की हे दिसतं. शिवाय बोटीची प्रवासी यादी उघडा. दुसऱ्या वर्गात हैतीचा एक कृष्णवर्णीय इंजिनियर सापडेल, बायको आणि दोन मुलींसह. म्हणजे सरसकट बंदी नव्हतीच.