पर्लिन आधारावर का चिरडते?

कारखान्याच्या शेडमध्ये उभं राहून वर पाहिलं की छताच्या पत्र्यांखाली इंग्रजी झेड किंवा सी अक्षराच्या आकाराच्या लांबच लांब पर्लिन, म्हणजे पत्र्यांना आधार देणाऱ्या आडव्या तुळया, दिसतात. साधारण दीड ते तीन मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा न तापवता, रोलरांच्या रांगेतून पुढे सरकवत त्या घडवतात. तुळई मोडली तर मधोमध मोडणार, असं आपण धरून चालतो. पण या पातळ तुळईचा मधला भाग शाबूत असतानाही ती टेकलेल्या जागी चिरडू शकते.

याचं मूळ कोपऱ्यात आहे. तापवून लाटलेल्या जाड आय तुळईत आधाराचा दाब उभ्या पट्टीत, म्हणजे वेबमध्ये, सरळ चढतो. पत्रा मोडून केलेल्या पर्लिनचा कोपरा मात्र गोल असतो. त्या गोलाईमुळे दाबाची रेषा वेबच्या रेषेत न येता थोडी बाजूला पडते. अंतर काही मिलिमीटरच असतं, पण तेवढ्यानं वेब नुसता दाबला न जाता वाकूही लागतो. प्रयोगशाळेतल्या यंत्राखाली हे स्पष्ट दिसतं: आधाराच्या किंचित वर वेब फुगतो, तिथे आडवी घडी पडते आणि कोपरा आत बसत जातो.

पत्रा वाकण्याला जो विरोध करतो तो जाडीच्या वर्गावर (जाडी गुणिले जाडी) अवलंबून असतो. दोन मिलिमीटरऐवजी १.६ मिलिमीटरचा पत्रा वापरला तर पोलाद वाचतं २० टक्के, पण नुसत्या वर्गाच्या हिशेबानं चिरडण्याविरुद्धची ताकद ३६ टक्क्यांनी घटते. पत्र्याची जाडी निवडताना हा आकडा डोळ्यांसमोर असायलाच हवा.

निव्वळ सिद्धांतावरून याचं नेमकं उत्तर काढणं फार अवघड आहे. कोपऱ्याची गोलाई, टेकण्याची रुंदी, वेबची उंची असं सगळंच एकमेकांत गुंतलेलं असतं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जॉर्ज विंटर यांनी १९३९ पासून पातळ पोलादावर काम सुरू केलं. पियान यांच्यासोबत वेब चिरडण्याच्या चाचण्यांवरचा त्यांचा अहवाल १९४६ मध्ये आला. आजची सूत्रंही मुख्यतः चाचण्यांच्या आकड्यांवरच बेतलेली आहेत. त्यांत टेकण्याची रुंदी वर्गमुळात येते, त्यामुळे आधार दुप्पट रुंद केला तरी ताकद दुप्पट होत नाही. तुळईच्या टोकाशी तर ताकद आणखी कमी, कारण तिथे मदतीला पत्रा एकाच बाजूला असतो.

जाड तुळईला आधारावर ताठपट्ट्या, म्हणजे वेबला ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या, वेल्ड करता येतात. पातळ पत्र्यावर ते नाजूक काम, वर जस्ताचा थरही जळतो. म्हणून पर्लिनसाठी क्लीट वापरतात: राफ्टरवर, म्हणजे पर्लिन पेलणाऱ्या छताच्या मुख्य तुळईवर, उभी पट्टी लावून तिला पर्लिनचा वेब बोल्टनं जोडायचा आणि पर्लिनची खालची आडवी पट्टी, म्हणजे फ्लँज, राफ्टरपासून किंचित वर ठेवायची. मग भार बोल्टांवाटे थेट वेबमधून क्लीटमध्ये उतरतो आणि गोल कोपऱ्यावर येतच नाही. जोडणी करताना ती फट बुजवून फ्लँज राफ्टरवर टेकवली, तर क्लीट लावण्याचा हेतूच हुकतो.