शंका विचारली म्हणून मार्क जात नाहीत

नवीन वर्ष सुरू झालं की नाशिकच्या कॉलेज ग्रुपांवर तोच मेसेज फिरतो: "सरांकडे सारखं जाऊ नका, नजरेत आलात की इंटर्नलचे मार्क कापतात."

ही भीती मला कळते. सुरगाणा-पेठकडून आलेलं पोर वही छातीशी धरून स्टाफरूमच्या दारात उभं राहतं आणि तिथूनच परत फिरतं. घरात आधी कुणी कॉलेज पाहिलेलं नसलं की असा मेसेज खराच वाटतो.

इंटर्नल, म्हणजे कॉलेजातच दिले जाणारे अंतर्गत मार्क, शिक्षकांच्या हातात असतात, हे खरं. पण ते मार्क चाचणी, असाइनमेंट, प्रात्यक्षिक, सेमिनार अशा भागांत विभागलेले असतात. इंटर्नलला एकूण किती, हे अभ्यासक्रमातच छापलेलं असतं. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तो उतरवून घ्या आणि आपले मार्क भागवार विचारा. सत्र परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर तर तुमचं नावच नसतं. तिची छायाप्रत निकालानंतर शुल्क भरून मागवता येते. माहिती अधिकार कायदा, २००५ खालीही तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते.

आणि मेंटॉर, म्हणजे तुम्हाला मार्गदर्शनासाठी नेमून दिलेले शिक्षक? त्यांना भेटणं म्हणजे त्यांना त्रास देणं नव्हे, ते त्यांचं कामच आहे. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात एका मेंटॉरमागे किती विद्यार्थी, हेही विचारलं गेलेलं आहे. कॉलेजच्या संकेतस्थळावरच्या स्वयंमूल्यांकन अहवालात तो आकडा असेल तर पाहा, आपला मेंटॉर कोण ते विभागात विचारा.

कुणी खरंच आकसाने वागलं, तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज द्या. पोच मात्र घ्याच.