पाण्यावरची गाडी: लबाडी कुठे, भाबडेपणा कुठे

‘अमेरिकेतल्या स्टॅनली मेयरने पाण्यावर गाडी चालवली, म्हणून तेल कंपन्यांनी त्याला विष घातलं’ ही गोष्ट अजून फिरते. १९९६ मध्ये ओहायोच्या न्यायालयाने त्याचा दावा ढळढळीत फसवणूक ठरवून दोन गुंतवणूकदारांचे २५,००० डॉलर परत करायला लावले. तज्ज्ञांना त्याच्या सेलमध्ये, म्हणजे पाणी फोडणाऱ्या उपकरणात, साधं विद्युत अपघटनच (वीज सोडून पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायू करणं) सापडलं. गाडी तपासू देण्याची वेळ आली तेव्हा त्याने सबब काढली. १९९८ मध्ये तो गेला, तो मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या विकाराने.

पण घरी असले सेल बनवणारे सगळे लबाड नसतात. बहुतेकांना मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट-अँपिअर मोजणारा मीटर, चकवतो. समजा, १२ व्होल्ट, १० अँपिअरचे झटके दहा टक्के वेळ दिले. खरी सरासरी १२ वॅट. डीसीवर (एकाच दिशेच्या विजेच्या मोजमापावर) लावलेला साधा मीटर मात्र दोन्हींची वेगवेगळी सरासरी, १.२ व्होल्ट आणि १ अँपिअर, दाखवतो. गुणाकार जेमतेम १.२ वॅट. झाली ‘दहापट ऊर्जा’! ऑसिलोस्कोपवर (क्षणाक्षणाचा विजेचा चढउतार दाखवणाऱ्या यंत्रावर) क्षणाक्षणाचा गुणाकार करून मग सरासरी काढली की फायदा गायब.

आणि एक लिटर पाणी फोडायला सुमारे ४.४ युनिट वीज लागते. तो वायू जाळून फार तर तेवढीच उष्णता परत मिळते, त्यातलीही बरीचशी इंजिन रेडिएटर-सायलेन्सरवाटे उधळतं.