बडोद्यात पोस्ट-डॉक: फॉर्म नंतर, मेंटॉर आधी

पीएचडी झाली की बडोद्यातली मराठी मुलं विचारतात, 'महाराजा सयाजीराव विद्यापीठात पोस्ट-डॉकचा, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाचा, फॉर्म कुठे मिळतो?' पण बहुतेक फेलोशिपचा पैसा विद्यापीठाचा नसतो, दिल्लीच्या संस्थांचा असतो. विद्यापीठ फक्त यजमान. म्हणून आधी माणूस गाठायचा: तुमच्या विषयातला, कायम नोकरीवरचा आणि मेंटॉर (मार्गदर्शक) व्हायला राजी असलेला प्राध्यापक. जाहिरात निघाल्यावर शोधायला लागलात तर उशीर झालाच समजा.

विज्ञान-इंजिनिअरिंगसाठी मुख्य योजना म्हणजे राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप. पूर्वी ती एसईआरबी या केंद्राच्या संशोधन निधी मंडळाकडे होती, आता त्याच्या जागी आलेल्या एएनआरएफकडे. मुदत दोन वर्षं, आणि आयुष्यात एकदाच मिळते. वयोमर्यादा ३५, महिला, एससी, एसटी, ओबीसी आणि दिव्यांगांना पाच वर्षांची सूट. थीसिस जमा आहे पण पदवी हातात नाही, तरी अर्ज करता येतो. सामाजिक शास्त्रांसाठी आयसीएसएसआर (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद) आहे, तिथे वय ४५ पर्यंत चालतं. भाषा आणि मानव्यविद्यांसाठी यूजीसीची डॉ. राधाकृष्णन फेलोशिप, तिची जाहिरात कधी निघते यावर लक्ष ठेवावं लागतं.

प्रस्तावात 'हीच संस्था का' याचं उत्तर ठोस हवं. संस्कृतवाल्यांना ते सोपं जावं: वाल्मीकी रामायणाची चिकित्सित आवृत्ती (अनेक पोथ्या ताडून ठरवलेला पाठ) १९६० ते १९७५ दरम्यान इथल्याच प्राच्यविद्या मंदिरातून निघाली. पण 'समृद्ध हस्तलिखित संग्रह' एवढ्यावर भागवू नका. कोणती पोथी, कोणती लिपी, ते लिहा.

कागदपत्रांत पीएचडीचं प्रमाणपत्र, जन्मतारखेचा दाखला, शोधनिबंधांची यादी हे सगळे जमवतातच. घोडं अडतं ते यजमान संस्थेच्या संमतीपत्रावर. ते लेटरहेडवर, ठरलेल्या नमुन्यात आणि अधिकृत सही-शिक्क्यानिशी लागतं. विभागप्रमुख, डीन, रजिस्ट्रार असा कागद फिरतो, आणि मध्ये सुट्ट्या आल्या की संपलंच. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, असंही आपल्याकडे सर्रास असतं. ते वेळीच जुळवून घ्या.

ओबीसी सवलत घेणाऱ्यांनी एक जपावं. केंद्राची यादी राज्यवार आहे. घराणं मूळचं महाराष्ट्रातलं असेल, तर तिथल्या यादीतली जात गुजरातच्या यादीत असेलच असं नाही. दाखलाही केंद्राच्या नमुन्यातला, नॉन-क्रीमी लेयरचा हवा.

दिल्लीच्या निकालाची वाट बघवत नसेल तर मंजूर प्रकल्पातली रिसर्च असोसिएटची, म्हणजे पीएचडीवाल्या संशोधन सहकाऱ्याची, जागा बघा. निवड विद्यापीठातच, मुलाखतीने होते. केंद्राच्या विज्ञान प्रकल्पांत १ जानेवारी २०२३ पासून पहिल्या श्रेणीच्या असोसिएटला महिना ५८,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं. जागा मात्र प्रकल्प चालेल तेवढीच.