ईसीयू रिमॅपिंग

टर्बोचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या गाडीच्या इंजिन संगणकातले, म्हणजे ईसीयूमधले, आकड्यांचे तक्ते बदलून इंजिनाची ताकद वाढवण्याची पद्धत. गॅरेजच्या बोलीत ‘रिमॅप’ किंवा नुसते ‘ट्यून’. एकही पार्ट न बदलता केलेल्या रिमॅपला ‘स्टेज १’ म्हणतात. टर्बो नसलेल्या इंजिनात या खटाटोपातून फारसे काही हाती लागत नाही, कारण सिलिंडरमध्ये किती हवा शिरेल हे बाहेरचा दाबच ठरवतो. टर्बो इंजिनात तो दाब संगणकाच्या हुकमावर असतो, त्यामुळे स्टेज १ मध्ये टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) २० ते ३० टक्क्यांनी वाढणे नेहमीचे आहे.

बॉशचे एमईडी१७ (पेट्रोल) आणि ईडीसी१७ (डिझेल) हे ईसीयू भारतातल्या गाड्यांत सर्रास सापडतात. यांत पेडल दाबले की संगणक आधी ‘चालकाला इतका टॉर्क हवा’ असा आकडा काढतो. मग तो आकडा गिअरबॉक्सची मर्यादा, धुराची मर्यादा, टर्बोची मर्यादा, तापमानाची मर्यादा अशा चाळण्यांतून जातो आणि सगळ्यांत लहान आकडा टिकतो. बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब), इंधन आणि ठिणगीची वेळ त्या उरलेल्या आकड्यावरून ठरते. म्हणून नुसता बूस्टचा तक्ता फुगवला आणि टॉर्क लिमिटर तसाच ठेवला, तर गाडीत काडीचा फरक पडत नाही. दुसरीकडे, देखरेखीचे तक्ते विसरले तर प्रत्यक्ष टॉर्क आणि हिशेबातला टॉर्क जुळत नाहीत आणि गाडी ‘लिंप मोड’मध्ये जाते, म्हणजे संगणक ताकद मुद्दाम कमी करतो.

कारखाना स्वतः या चाळण्या कशा वापरतो ते २०१६ च्या स्कोडा सुपर्बमध्ये स्वच्छ दिसते. औरंगाबादच्या कारखान्यात जुळणी झालेल्या या गाडीचे १.८ टीएसआय इंजिन मॅन्युअल गिअरबॉक्सबरोबर ३२० न्यूटन-मीटर टॉर्क देई. सात गिअरच्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबरोबर तेच इंजिन २५० वर थांबवलेले होते. कमाल ताकद दोन्हीकडे १८० पीएसच (मेट्रिक अश्वशक्ती). पीएस म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ७,०२४. ३,९०० आरपीएमला ३२० आणि ५,१०० ला २५० धरून पाहा, उत्तर जवळपास एकच येते. इंजिन ३२० सहज पेलत होते. अडचण डीक्यू२०० या कोरड्या क्लचच्या गिअरबॉक्सची होती, त्याची क्षमताच २५० न्यूटन-मीटरची. तेव्हा रिमॅपचे दर विचारताना ‘किती बीएचपी वाढेल’ हा प्रश्न दुय्यम आहे. टॉर्क किती, कोणत्या आरपीएमला आणि तो गिअरबॉक्स व क्लच किती सोसतात, हे आधी विचारावे.

काम सुरू होते ते गाडी तपासण्यापासून. जुने फॉल्ट कोड, एअर फिल्टर, कॉइल, इंटरकूलरचे पाइप आणि क्लॅम्प पाहिले जातात. बूस्ट गळत असेल तर संगणक मागितलेला दाब गाठण्यासाठी टर्बोला जास्त फिरवतो, आणि रिमॅपनंतर ही फिरकी धोक्याच्या पातळीवर जाते. पेट्रोल गाडीत प्लग नवे टाकून त्यांची फट थोडी कमी करतात, बऱ्याचदा ०.८ ऐवजी ०.६ ते ०.७ मिमी, कारण दाब वाढला की रुंद फटीत ठिणगी विझते आणि गाडी झटके खाते.

मग ओबीडी पोर्टमधून (डॅशबोर्डखालच्या तपासणीच्या सॉकेटमधून) किंवा ईसीयू काढून टेबलावर जोडून मूळ फाइल वाचतात. एक बाब ग्राहकांना सहसा सांगितली जात नाही: पुष्कळ ईसीयूंमध्ये ओबीडीवरून फाइल खरोखर वाचताच येत नाही. ट्यूनरचे यंत्र सॉफ्टवेअरचा क्रमांक बघते आणि तीच फाइल यंत्राच्या कंपनीच्या सर्व्हरवरून उतरवते. मूळ फाइलची प्रत आपल्याकडे मागून ठेवावी. तक्ते बदलल्यावर चेकसम (फाइल बरोबर आहे हे पडताळणारा आकडा) पुन्हा जुळवावा लागतो, नाहीतर ईसीयू फाइल नाकारतो किंवा गाडी सुरूच होत नाही. नवी फाइल ईसीयूत लिहिताना बॅटरीला स्थिर चार्जर लावून व्होल्टेज १३ च्या वर ठेवणे सक्तीचे समजावे. मध्येच रेडिएटरचा पंखा सुरू झाला, व्होल्टेज कोसळले आणि लेखन अर्धवट राहिले, तर ईसीयू उघडून थेट सर्किट बोर्डावरून जिवंत करावा लागतो.

यानंतरचे लॉगिंग हाच खरा भाग. डायनोवर (रोलरवर चाके फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमपासून रेडलाइनपर्यंत पूर्ण पेडल देतात आणि मागितलेला व मिळालेला बूस्ट, लॅम्डा (हवा-इंधनाचे प्रमाण), आत येणाऱ्या हवेचे तापमान, रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या इंधनाचा दाब) आणि प्रत्येक सिलिंडरवर मागे घेतलेले इग्निशनचे, म्हणजे ठिणगीच्या वेळेचे, अंश नोंदवतात. दोन-तीन अंश मागे जाणे चालते. सहा-सात अंश सातत्याने मागे जात असतील तर इंजिन नॉक करते आहे, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून ठोके बसत आहेत. हे एकाच सिलिंडरवर दिसले तर आधी त्याचा प्लग आणि इंजेक्टर बघावा. चारही सिलिंडरवर दिसले तर इंधन हलक्या प्रतीचे आहे किंवा हवा गरम आहे. लॉग न दाखवता ‘पिकअप बघा कसा आलाय’ एवढ्यावर गाडी हातात देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये.

पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे नॉकला दाद न देण्याची क्षमता, इथे निर्णायक ठरतो. ९५ किंवा १०० ऑक्टेनसाठी लिहिलेल्या फाइलवर ९१ चे पेट्रोल भरले, तर संगणक इग्निशन मागे खेचत राहतो आणि पैसे देऊन घेतलेली ताकद तिथेच विरते. ई२० पेट्रोलमधले २० टक्के इथेनॉल नॉक कमी करते, पण हवा-इंधनाचे प्रमाण १४.७ वरून साधारण १३.५ वर येते. तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागते, म्हणून इंजेक्टर आणि हाय-प्रेशर पंप आपल्या मर्यादेला लवकर टेकतात.

सगळ्यांत महागडा बिघाड मात्र वरच्या आरपीएमला होत नाही. १,५०० च्या आसपास उंच गिअरमध्ये पेडल पूर्ण दाबले की थेट इंजेक्शनच्या छोट्या टर्बो इंजिनात तेलाचा थेंब ठिणगीआधीच पेटू शकतो. याला लो-स्पीड प्री-इग्निशन म्हणतात. एका स्फोटात पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटते. त्यामुळे जाणते ट्यूनर खालचा टॉर्क मुद्दाम हळू चढवतात, आणि तेल एपीआय एसपी दर्जाचे वापरायला सांगतात. या दर्जात प्री-इग्निशनची चाचणी असते.

डिझेलमध्ये नॉकची भीती नाही, इंधन वाढवले की ताकद वाढते. हवा पुरली नाही तर ते धूर होऊन बाहेर पडते, एक्झॉस्ट तापतो आणि डीपीएफ हा काजळीचा फिल्टर लवकर भरतो. टर्बोचा आकार ही इथली शेवटची भिंत. रांजणगावलाही बनत असलेले फियाटचे १.३ मल्टिजेट स्विफ्टमध्ये साध्या टर्बोवर ७५ पीएस देई, तर इतर गाड्यांत बदलत्या भूमितीच्या टर्बोवर सुमारे ९०. साध्या टर्बोचे इंजिन सॉफ्टवेअरने ९० पर्यंत नेता येते, पण मग टर्बो सतत आपल्या टोकाला चालतो. रेल प्रेशर सेन्सरच्या वायरवर बसणारा ‘ट्यूनिंग बॉक्स’ तर संगणकाला दाब कमी असल्याचे खोटे सांगून इंधन वाढवतो. ईसीयूच्या कुठल्याही चाळणीला त्याचा पत्ता नसतो. स्वस्त म्हणूनही तो घेऊ नये.

उंचीचे गणित वेगळे. समुद्रसपाटीला २,००० मिलीबार निरपेक्ष दाब म्हणजे हवा सुमारे दुप्पट दाबणे. महाबळेश्वरला हवेचा दाबच ८६० च्या आसपास असल्याने तेच काम २.३ पटीचे होते. मुंबईत बसवलेली आक्रमक फाइल घाट चढून गेल्यावर टर्बोला अतिवेगाने फिरवू शकते. उंचीनुसार बूस्ट कमी करणारा तक्ता ट्यूनरने सपाट केला आहे का, हे विचारून घ्यावे.

रिमॅपनंतर सर्वांत आधी बहुधा क्लच बोलतो. चौथ्या गिअरमध्ये २,००० ला पूर्ण पेडल दिल्यावर आरपीएमचा काटा उडतो आणि वेग तिथेच राहतो. पाठोपाठ जळका वास येतो. पाइप निसटला तर ‘फुस्स’ आवाज होऊन ताकद एकदम जाते. डिझेलमध्ये त्यासोबत काळा धूर येतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत करणारा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ प्रमाणे बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. वॉरंटीचा प्रश्नही आहेच. मूळ फाइल परत टाकली तरी फ्लॅश काउंटर (फाइल किती वेळा लिहिली त्याची मोजणी) वाढलेला राहतो, आणि फोक्सवॅगन समूहात अशी गाडी ‘टीडी१’, म्हणजे सॉफ्टवेअर बदललेली, म्हणून नोंदली जाते. उलट, सर्व्हिस सेंटरने नवे सॉफ्टवेअर टाकले की रिमॅप नकळत पुसला जातो. मग जुनी फाइल तशीच चढवून चालत नाही. नव्या आवृत्तीवर तक्ते पुन्हा बदलून, पुन्हा लॉग घ्यावे लागतात.